मागे बसलेला तंबोरा

त्या गुरुवारी तिसरी जोडी आली, आणि ती दाराशी उतरत असतानाच कालिंदीला कळून चुकलं, की हीसुद्धा परत जाणार.

दुकानदार पिराजीच्या हातगाडीवरून दोन हमालांनी गोणपाटात गुंडाळलेले स्पीकर आत आणले. कमरेइतके उंच, गडद लाकडाचे, पुढे काळी जाळी. बाळासो पाटलांनी तक्तपोसावरून न हलता त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लईच उंच हायत. घरात दोन परकी माणसं उभी केल्यागत दिसतंय."

अजून वायरसुद्धा जोडली नव्हती.

कालिंदीने आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दिवसभर कॉलेजात पोरांना पानिपत शिकवून ती घरी आली होती. घरी दर गुरुवारी दुसरं पानिपत मांडलेलं असे, आणि त्यात तर शत्रू कोण हेही ठरलेलं नसे.

मंगळवार पेठेतल्या त्या घरी गुरुवार म्हणजे गाणं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी, त्र्यंबकराव वकिलांनी, तो पायंडा पाडला. त्यांना सगळे अप्पाच म्हणत. दिवेलागणीला त्यांचे तिघे मित्र यायचे, बाहेरच्या खोलीत आपापल्या जागी बसायचे आणि अप्पा एक रेकॉर्ड लावायला सांगायचे. गाण्याच्या वेळी बोलायचं नाही, संपल्यावर गप्प बसायचं नाही, एवढेच दोन नियम. मुंबईहून स्टिरिओ आणला तेव्हा कालिंदी नुकती शिकवायला लागली होती. आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं, आणि चौघांच्या जागा मात्र तसूभर हलल्या नव्हत्या.

बाळासो गुळाचे अडते. त्यांची जागा खिडकीखालच्या तक्तपोसावर, उजव्या स्पीकरच्या अगदी कुशीत, कारण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नसे. आण्णा पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेले. त्यांची लाकडी खुर्ची दाराशी, डाव्या स्पीकरजवळ, म्हणजे आठाच्या ठोक्याला कुणाला न उठवता निघता यायचं. फक्रुद्दीन शिकलगार बँडवाल्यांचे डगले शिवायचे. रेकॉर्ड उलटायचं काम त्यांचं, त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या बोटांवर अप्पांचा विश्वास नव्हता. म्हणून ते कोपऱ्यात, मशीनला टेकून, दोन्ही स्पीकरांच्या पाठीमागे जाजमावर बसायचे. कालिंदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी असायची. ती शाळेत असतानाच आई गेली होती, तेव्हापासून गुरुवारचा चहा तिच्याकडे होता. आणि अप्पांची वेताची आरामखुर्ची मधोमध, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. जाजमावर तिच्या पायांचे चार खळगे पडले होते.

अप्पा ऐकता ऐकता डोळे मिटायचे आणि बाजू संपली की सांगायचे, "आज तंबोरा मागे बसलाय बघा, बुवांच्या खांद्यामागे. सारंगीवाला जरा अवघडून बसलाय, भिंतीला खेटून." तिघे माना डोलवायचे. फक्रुद्दीनचाचा "क्या बात है" म्हणायचे. कालिंदीला वाटायचं, पुस्तकात बुडालेल्या माणसाला जशी पात्रं दिसतात, तसं हे अप्पांचं दिसणं असेल. ती स्वतः खूप वाचायची, त्यामुळे तिला त्यात नवल वाटत नसे.

मग अप्पा आजारी पडले, त्यांना मिरजेला हलवलं, घर बंद राहिलं. ती एकटी परत आली तेव्हा दोन्ही स्पीकरांत उंदरांनी संसार थाटला होता. आतला कागदी पडदा कुरतडून त्याची मऊ गादी केली होती, आणि त्या गादीवर डोळे न उघडलेली पिल्लं होती. कालिंदीने ती सुपात घेऊन परसात नेऊन ठेवली. खोकी फेकून दिली. त्या दिवशी तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण भेटायला माणसं येत होती आणि प्रत्येकाला चहा लागत होता.

मिरजेला अप्पांनी शेवटी शेवटी एकच गोष्ट मागितली होती. गुरुवार मोडू नका. तिने हो म्हटलं होतं. तिघांनीही, पलंगाभोवती उभं राहून, हो म्हटलं होतं. म्हणून नवे स्पीकर घ्यायचे ठरलं, तेही असेतसे नव्हे, मिळतील त्यांत उत्तम. पैशाची अडचण नव्हती, आणि तीच खरी अडचण झाली. पैसे कमी असते तर कुठेतरी थांबावं लागलं असतं.

लक्ष्मीपुरीतल्या पिराजीच्या दुकानात डब्यावर डबा रचावा तसे स्पीकर छतापर्यंत रचलेले असत, आणि बाहेर दिवसभर ट्रकांचे भोंगे वाजत. तिथे काही कळायचं नाही, घरी लावून बघा, असं पिराजीच म्हणाला. पहिल्या गुरुवारी त्याने मुंबईची एक जोडी आणली आणि छापील पत्रकावर वाचलेलं सगळं भाषण एका दमात म्हणून दाखवलं. ह्यात आवाज नुसता पुढून येत नाही. मागनं येतो, बाजूनं येतो, वरनं येतो, गाणारा खोलीत येऊन बसतो.

"वरनं कशाला?" बाळासो म्हणाले. "वर भाडेकरू हाय."

बोलता बोलता पिराजी आरामखुर्चीत टेकायला गेला. तिघे एकदम ओरडले, जणू त्याने देवघरात चप्पल नेली. अप्पांची शाल तिथे घडी करून ठेवलेली होती. बिचारा दचकून उभा राहिला तो उभाच राहिला. पुढचे सगळे गुरुवार त्याने भिंतीला टेकून काढले.

ती जोडी आण्णांनी नापास केली. डावा स्पीकर वाजतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पिराजीने वायर बदलली, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे केला, तरी आण्णांच्या मते डावाच मेलेला. कालिंदीने डाव्या स्पीकरच्या जाळीला हात लावून पाहिला, पंज्याला चांगले हादरे बसत होते. तिने तसं सांगितलं. आण्णा म्हणाले, हाताने काय ऐकायचं असतं?

दुसऱ्या खेपेला जपानी जोडी आली, कुवेतहून आलेल्या कुणाकडून घेतलेली. तिला फक्रुद्दीनचाचांनी हात जोडले. त्यांना प्रत्येक गोष्ट कापडात दिसायची. "माल भारी हाय, बेटा. पन शिवण उसवल्यागत वाटतंय. गळा एकीकडं, बाही एकीकडं. हा डगला अंगात कसा घालायचा?"

कालिंदीने त्यांना विचारलं, की तुम्ही तरी नक्की काय शोधताय. तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की वकिलाची मुलगी असून हिला कळू नये. अप्पा म्हणायचे तसं, ते म्हणाले. तंबोरा मागे, सारंगी भिंतीला खेटून, बुवा मध्ये. जुन्या स्पीकरांत ते होतं. ज्यात ते नाही तो स्पीकर खोटा.

तुम्हाला स्वतःला कधी तसं ऐकू आलं होतं का, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला. म्हाताऱ्या माणसांना, त्यातही दुःखात असलेल्या, असले प्रश्न विचारू नयेत एवढं तिला समजत होतं. शिवाय उत्तर नाही असं आलं असतं, तर मग अप्पांना काय ऐकू येत होतं, हे तिला कधीच कळलं नसतं.

आता ही तिसरी जोडी. पिराजीने वायरी जोडल्या, कपाळ पुसलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कालिंदीला सांगितलं, "ताई, ह्याच्यावरचा माल मला मुंबईतबी मिळायचा न्हाय. सांगलीचं एक डॉक्टर ह्याच जोडीसाठी मागं लागल्यात. उद्या त्यांची गाडी येतीय. ठेवायची तर आज ठेवा. आणि राग मानू नका, पन मी काय आता चौथ्यांदा येत न्हाय."

फक्रुद्दीनचाचांनी ठरलेली रेकॉर्ड काढली. एका जुन्या बुवांचा पुरिया, अप्पांचा लाडका. हातरुमालाने कडा पुसली आणि सुई टेकवली.

सूर लागला. खोलीत कुणी हललं नाही. कालिंदी उंबऱ्यात किटली धरून उभी राहिली आणि चेहरे पाहू लागली, निकालाच्या दिवशी पालक पाहतात तसे. आण्णांची मान आधी हलली. मग त्यांनी करंगळीने डावा कान खाजवला. ती समजून गेली.

"वाजत नाही," आण्णा म्हणाले.

"वाजतोय, आण्णा," पिराजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"उजवीकडं तर रेटारेटी चाललीय," बाळासो म्हणाले. "तबला, सारंगी, बुवा, समदी माझ्या ह्या एका खोक्यात कोंबल्यात. वडापाच्या जीपमधी बसल्यागत. तंबोरा तर टपावर असंल."

चाचांना विचारलं तर त्यांनी हात हलवत सांगितलं. त्यांच्या बाजूला तर सगळं आतून ऐकल्यासारखं, अस्तर वर आल्यासारखं.

कालिंदीने चहा ओतायला घेतला. बशीत सांडला. ती पुसायला वाकली तेव्हा मागून बाळासोंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"खरं बोलू का? खोक्यात काय न्हाय. तो तंबोरा अप्पांच्या कानात हुता. त्येंच्यासंगं गेला. आपण उगं ह्या हमालांच्या पाठी मोडतोय." त्यांनी खुर्चीवरच्या शालीकडे पाहिलं. "गुरुवारबी त्येंचाच हुता. बंद करू या."

आण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. आठाला अजून पुष्कळ अवकाश होता. तरी ते म्हणाले, की आपल्यालाही गेले काही आठवडे तेच वाटतंय. फक्त बोलायचं कुणी, हा प्रश्न होता.

रेकॉर्ड थांबवायला फक्रुद्दीनचाचांचा हात सुईपर्यंत गेला आणि तिथेच, वर, अधांतरी राहिला. बुवा गात राहिले.

कालिंदीच्या मनात बरंच काही आलं. मिरजेच्या पलंगाभोवती उभं राहून तुम्ही काय कबूल केलं होतं, ते आलं. तुम्हाला चांगले स्पीकर नकोच आहेत, तुम्हाला अप्पा हवेत, आणि ते पिराजीच्या दुकानात मिळत नाहीत, हेही आलं. गुरुवार बंद झाला तर तुम्ही तिघंही मला दुरावाल, इथपर्यंत आलं. पण सकाळपासून ती उभी होती. वर्गात उभी, एस.टी.त उभी, ओट्याशी उभी, उंबऱ्यात उभी. पायांचं नुसतं लाकूड झालं होतं. तिने ट्रे खाली ठेवला, दोन पावलं टाकली आणि खोलीत जी एकच जागा रिकामी होती तिथे, शालीसकट, बसली.

आण्णा अर्धवट उठले. "अगं, ती अप्पांची..."

"पाय दुखतात माझे," ती म्हणाली.

आण्णा पुन्हा आपल्या खुर्चीत टेकले.

तिने पाठ मागे टेकली. वेत करकरला. तिला कुणाकडेच पाहायचं नव्हतं म्हणून तिने समोर पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, जिथे स्पीकर नव्हता, काहीच नव्हतं.

बुवा तिथे होते.

तिने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. दोन्ही खोकी जागच्या जागी मुकी उभी होती, आवाजाशी त्यांचा काही संबंध नसल्यासारखी. बुवा कॅलेंडरच्या खाली, जाजमापासून हातभर उंचीवर, माणूस मांडी घालून बसला की त्याचं तोंड जिथे येतं तिथून गात होते. त्यांनी श्वास घेतला तो तिला ऐकू आला. डावीकडे, आण्णांच्याही पलीकडे, भिंतीला खेटून सारंगी होती. ती खरंच अवघडून बसलेली होती. तबला उजवीकडे, थोडा पुढे. आणि त्या सगळ्यांच्या मागे, भिंत जिथे संपायला हवी होती तिच्याही पलीकडे, बुवांच्या खांद्यामागे तंबोरा चालला होता. कुणाची वाट न पाहता, एकसारखा.

अप्पांना काही दिसत वगैरे नव्हतं. त्यांना ऐकू येत होतं. ते फक्त जे होतं ते सांगत होते.

तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर ते भरून वाहिले असते, आणि समोर एवढे पुरुष होते. तिने आलाप संपू दिला, मग म्हणाली, "बाळासोकाका, इथं या."

"का?"

"या तर."

"तिथं? न्हाय बाई. ती जागा त्येंची."

"त्यांनी ती कुणाला नको म्हटलं होतं का?"

सगळ्यांनाच आठवत होतं. सुरुवातीला दर दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी अप्पा उठायचे आणि हाताने खुर्ची दाखवून म्हणायचे, बसा, जरा इथं बसून बघा. आणि प्रत्येक जण, घरच्या यजमानाला उठवून त्याच्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय, म्हणून छातीवर हात ठेवायचा, राहू दे, राहू दे, तुम्हीच बसा. कालिंदीलाही त्यांनी बोलावलं होतं. तिच्या हातात कपबशा होत्या. पुढे त्यांनी विचारायचं सोडलं. ते आपले ऐकून सांगत राहिले, आणि हे माना डोलवत राहिले.

ती उठली. बाळासोंच्या दंडाला धरून तिने त्यांना जवळजवळ ओढतच आणलं आणि बसवलं. चाचांनी न सांगता सुई पुन्हा मागे नेली.

बाळासो पाटील गुळाच्या ढेपेवर बसावं तसे अंग चोरून बसले होते. तंबोरा सुरू झाला. बुवांनी पहिला सूर लावला. बाळासोंची मान हळूहळू पुढे आली. मग त्यांनी बोट उचललं आणि कॅलेंडरकडे दाखवलं, कुणी परका माणूस घरात शिरलेला दिसावा तसं.

"आयला," ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले. "हितं बसलाय की."

मग फक्रुद्दीनचाचा बसले. इतकी वर्षं मशीनच्या पाठीशी काढलेला तो माणूस पहिल्यांदाच समोर आला, आणि बाजू संपेपर्यंत भिंतीकडे पाहत राहिला. उठताना त्यांनी खुर्चीच्या हाताला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. "बसला," एवढंच म्हणाले. "खांद्यावर बसला डगला."

आण्णा बसायला तयार नव्हते. मग बसले. बराच वेळ ताठ बसून राहिले. मान इकडे केली, तिकडे केली.

"मला काही फरक कळत नाही," अखेर ते म्हणाले. "पण तुम्हा सगळ्यांना कळतोय म्हणजे असणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "डावा कान माझा कधीचाच गेलाय. अप्पांना माहीत होतं. बाकी कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात."

भिंतीशी उभा असलेला पिराजी हळूहळू सरळ झाला. "म्हंजे आण्णा, पैल्या जोडीचा डावा स्पीकर..."

"चांगला असेल," आण्णा म्हणाले.

"आणि ती जपानी?"

"तीही चांगली असेल."

पिराजीने हमालांकडे पाहिलं. हमालांनी छताकडे पाहिलं. त्याला बरंच बोलायचं होतं हे कालिंदीला दिसत होतं, आणि त्याचा तो हक्कही होता. "हीच जोडी राहू दे," ती म्हणाली. "सांगलीच्या डॉक्टरांना पहिली द्या. आणि त्यांना सांगा, मधोमध बसायचं."

"मधोमध," पिराजी म्हणाला. "पत्रकात ते मागच्या पानावर असंल. मी मागचं पान वाचलं न्हाय."

तो गेल्यावर तिघांत लगेच वाद सुरू झाला. खुर्ची एकच, आणि माणसं तीन. बाळासोंचं म्हणणं, गुडघ्यांमुळे आपल्याला ती कायमची मिळावी. चाचा म्हणाले, गुडघे तक्तपोसावर इतकी वर्षं खूश होते, आता त्यांना काय झालं? आण्णांनी कायदेशीर तोडगा सुचवला, दर गुरुवारी पाळीपाळीने. आपली पाळी आपण सोडतो, पण पाळ्या लावायचं काम आपल्याकडे असावं. त्यावर बाळासोंनी पोस्टातल्या पाळ्या कशा लागायच्या ते सांगायला घेतलं. तासाभरापूर्वी गुरुवार बंद करायला निघालेली हीच माणसं. कालिंदीला त्यांचा नेहमीइतकाच वैताग आला, आणि तो आला म्हणून बरं वाटलं.

ती खुर्चीशी गेली. चुरगळलेली शाल उचलून तिने पुन्हा घडी केली, थोडा वेळ हातात ठेवली आणि खुंटीला टांगली. खुर्चीचे पाय जाजमावरच्या खळग्यांतून किंचित सरकले होते, ते नीट बसवले. मग ती त्यात बसली.

"पहिली पाळी माझी," ती म्हणाली. "चाचा, दुसरी बाजू लावा."

"आणि चहा?" बाळासोंनी विचारलं. मघाचा कपांतच निवून गेला होता.

"तो तुम्ही करा, काका. आलं खिडकीत आहे."

बाळासो तिच्याकडे बघत राहिले. तिचं काही उठायचं लक्षण दिसेना. त्यांनी आण्णांकडे पाहिलं, आण्णा आपला चांगला कान स्पीकरकडे करून बसले होते. मग गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, ते उठले आणि जन्मात पहिल्यांदा त्या घरच्या स्वयंपाकघरात गेले. काहीतरी पत्र्याचं खाली पडलं. साखर कुठाय, असं त्यांनी आतून विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

गाण्याच्या वेळी बोलायचं नाही, हा नियम होता. तंबोरा सुरू झाला होता.